एतिएन ते नसरुद्दीन: बू सआदाच्या मातीत विसावलेला फ्रेंच चित्रकार

अमुक देशातल्या अमुक प्रसिद्ध माणसाने इस्लाम स्वीकारला, असे मेसेज आपल्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतच असतात. दोन ओळी, एक फोटो आणि खाली ‘माशाअल्लाह’ची रांग. दुसऱ्या दिवशी ते नाव कुणाच्या लक्षातही राहत नाही. फ्रेंच चित्रकार एतिएन दिने यांचं नावही अशा यादीत कधीकधी दिसतं. पण त्यांची कहाणी दोन ओळींत मावणारी नाही. अल्जीरियाच्या वाळवंटाकडे ते पहिल्यांदा गेले १८८४ मध्ये आणि नसरुद्दीन हे नाव घेतलं १९१३ मध्ये. मध्ये तब्बल २९ वर्षं गेली. या वर्षांत काय घडलं, तेच आज आपण समजून घेऊ.

हे समजून घेण्यामागे आमचं एक कारण आहे. सिनेमात, बातम्यांत, जाहिरातींत मुसलमान कसा दाखवला जातो, यावर आपल्या घरांत रोज बोलणं होतं. दाढी, टोपी, बुरखा, मागे अजानचा आवाज, झाला मुसलमान तयार! टीव्ही आणि सिनेमा येण्याआधी, एकोणिसाव्या शतकात, हेच काम तैलचित्रं करत होती. त्या काळी युरोपातल्या माणसाच्या डोक्यात मुसलमानाची जी प्रतिमा तयार झाली, तिच्यात चित्रकारांचा मोठा वाटा होता. दिने त्याच चित्रकारांपैकी एक. पण ते त्या वाटेने निघाले आणि पोहोचले मात्र वेगळ्याच ठिकाणी.

तेव्हा ‘पूर्व’ कशी रंगवली जायची?

१८३० मध्ये फ्रान्सच्या फौजा अल्जियर्सला उतरल्या आणि अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात जायला सुरुवात झाली. फौजेच्या मागोमाग चित्रकारही आले. यूजेन देलाक्रवा १८३२ मध्ये मोरोक्को आणि अल्जीरियात काही महिने फिरले. परत जाऊन त्यांनी अल्जियर्सच्या घरातल्या स्त्रियांचं जे चित्र काढलं, ते १८३४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं आणि आजही लूव्र संग्रहालयात आहे. त्यानंतर तर जणू फॅशनच आली. हरम, हमाम, गुलामांचा बाजार, तलवार घेतलेला पहारेकरी, हुक्का ओढणारा आळशी शेख, असे विषय ठरूनच गेले. अशा चित्रांना ‘ओरिएंटलिस्ट’, म्हणजे पौर्वात्यवादी, चित्रं म्हणतात. ती विकत घेणारे युरोपातले आणि अमेरिकेतले श्रीमंत लोक होते. चित्रात दिसणाऱ्या माणसांना ‘आम्हाला असं दाखवलेलं चालेल का?’ असं विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जाँ-लेओं जेरोम यांचं ‘गारुडी’. साधारण १८७९ मधलं हे चित्र. निळ्या टाइल्सच्या भव्य भिंतीसमोर एक नग्न मुलगा अंगाभोवती साप गुंडाळून उभा आहे. त्याची पाठ आपल्याकडे आहे. भिंतीला टेकून शस्त्रधारी माणसं टक लावून बघत बसली आहेत. चित्र इतकं बारकाईने काढलं आहे की फोटोच वाटावा. पण टाइल्स इस्तंबूलच्या राजवाड्यातल्या आणि बाकीच्या गोष्टी वेगवेगळ्या मुलखांतल्या, असा सगळा एकत्र मांडलेला देखावा आहे तो. असं दृश्य प्रत्यक्षात कुठे घडलेलं नाही. एडवर्ड सईद यांच्या ‘ओरिएंटलिझम’ या १९७८ च्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र छापलं गेलं, ते उगाच नाही. फोटोसारखी सफाई वापरून खोटं कसं खरं करून दाखवता येतं, याचा तो नमुनाच आहे.

आता दुसरं चित्र बघा. विषय तोच, गारुडी. १८८९ मधलं हे चित्र सध्या ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कलासंग्रहालयात आहे. यात महाल नाही, नग्न पोरगा नाही. भर उन्हात उघड्यावर खेळ चाललाय आणि गावातलेच लोक भोवती जमलेत. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी मदारी आला की जशी गर्दी होते, तशीच. हे चित्र एतिएन दिने यांचं. तेव्हा त्यांचं वय होतं २८ आणि अजून ते मुसलमान झालेले नव्हते. दोन्ही चित्रांमध्ये जेमतेम १० वर्षांचं अंतर आहे. नजरेत मात्र फार मोठा फरक आहे.

पॅरिसमधला शिकलेला मुलगा

दिने यांचा जन्म २८ मार्च १८६१ चा, पॅरिसमधला. घर सुखवस्तू. वडील कायद्याच्या क्षेत्रातले नावाजलेले गृहस्थ. १८६५ मध्ये जन्मलेली त्यांची धाकटी बहीण जान ही पुढे भावाची चरित्रकार झाली. शाळा पॅरिसमधली नामांकित, लीसे आँरी कात्र. पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले अलेक्सांद्र मिलराँ याच शाळेत त्यांच्यासोबत होते. मुलाने वडिलांसारखं कायद्याकडे वळावं अशी कुणाची अपेक्षा असली तर नवल नाही. पण त्याचा ओढा चित्रकलेकडे होता.

१८८१ मध्ये ते पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयात दाखल झाले. नंतर अकादमी ज्युलियाँ या खासगी कलाशाळेत विल्यम बुग्रो आणि तोनी रोबेर-फ्लेरी यांच्या हाताखाली शिकले. बुग्रो म्हणजे त्या काळचे फार मोठे नाव. त्यांची शिस्त कडक होती. आधी रेषा, मग शरीराची ठेवण, मग छाया-प्रकाश, असं सगळं पायरीपायरीने घोटून घेतलं जायचं. दिने यांच्या हाताला ही सवय कायमची लागली. १८८२ मध्ये, म्हणजे २१ व्या वर्षी, पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांचं पहिलं चित्र लागलं. ते होतं एका फ्रेंच म्हातारीचं. तोपर्यंत पूर्वेचा काही संबंधच नव्हता.

एका किड्याच्या शोधात

अल्जीरियाला जाण्याचं निमित्त मोठं गमतीचं आहे. १८८४ मध्ये काही कीटक-अभ्यासक तिथे एक दुर्मीळ भुंगेरा शोधायला निघाले होते. एका मित्रामुळे दिनेंनाही त्यांच्याबरोबर जाता आलं. त्या प्रवासात ते दक्षिणेकडच्या बू सआदा भागापर्यंत गेले. भुंगेऱ्यापेक्षा तिथल्या उजेडानेच त्यांना पकडलं. पॅरिसचा उजेड ढगाळ, राखाडी. इथे मातीच्या भिंतीवर ऊन पडलं की भिंत पेटल्यासारखी वाटते आणि सावलीतही निळा-जांभळा रंग दिसतो. कलाशाळेतल्या स्टुडिओत हा उजेड शिकवता येण्यासारखा नव्हता.

दुसऱ्याच वर्षी, १८८५ मध्ये, सरकारी शिष्यवृत्तीवर ते पुन्हा गेले. या वेळी आणखी दक्षिणेला, लागवात या गावापर्यंत. तिथल्या घरांच्या गच्च्या आणि वादळानंतरची मसीला नदी, ही त्यांची अल्जीरियातली पहिली महत्त्वाची चित्रं.

या लागवातबद्दल इथे थोडं थांबून सांगायला हवं. डिसेंबर १८५२ मध्ये फ्रेंच फौजेने हे गाव घेतलं, तेव्हा तिथे भयंकर कत्तल झाली. हजारो माणसं मारली गेली. दिने तिथे पोहोचले तेव्हा या गोष्टीला अवघी ३३ वर्षं झाली होती. म्हणजे ज्या गच्च्या ते रंगवत होते, त्यांच्याखाली राहणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी ते सगळं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या सुरुवातीच्या चित्रांत त्याची खूण सापडत नाही. तरुण चित्रकाराला ऊन दिसत होतं. माणसांच्या मनात काय साठलंय, ते दिसायला अजून वेळ होता.

भाषा आली, मग दोस्त आला

आमच्या मते दिने यांच्या आयुष्यातलं खरं वळण इथे आहे. सुंदर देखावे रंगवून पॅरिसला परत जाणारे चित्रकार ढिगाने होते. दिने मात्र अरबी शिकायला बसले. पॅरिसच्या पौर्वात्य भाषांच्या विद्यालयात त्यांनी धडे घेतले आणि पुढे दरवर्षी अल्जीरियात जाऊन ती भाषा बोलायला लागले. त्यामुळे समोर बसलेला माणूस केवळ ‘मॉडेल’ राहिला नाही. तो बोलायला लागला, थट्टा करायला लागला, तक्रारही करायला लागला.

मग भेटले सुलेमान बिन इब्राहिम. अल्जीरियन उच्चारात ‘स्लीमान’. ते मझाब खोऱ्यातल्या इबादी पंथाच्या समाजातले, राहणार बू सआदाचे. ओमानमध्ये ज्या पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, तोच हा पंथ. एका भांडणात दिनेंचा बचाव करताना सुलेमान यांना चाकूचा वार लागला, असं चरित्रांत सांगितलं जातं. ही दोस्ती चाळीसएक वर्षं, दिनेंच्या अखेरच्या श्वासापर्यंत टिकली. सुलेमान पॅरिसला त्यांच्या घरी जाऊन राहिले आणि दिने त्यांच्या गावात.

दोघांनी मिळून पुस्तकं केली. वाळवंटातल्या प्रेमकथा, लोककथा, अरबांच्या रोजच्या जगण्याची वर्णनं. सुलेमान सांगायचे, दिने फ्रेंचमध्ये उतरवायचे आणि चित्रं काढायचे. ‘रबी अल-कुलूब’, म्हणजे ‘हृदयांचा वसंत’, हे पुस्तक १९०२ मध्ये आलं. १९०८ मध्ये अरब जीवनावरचं मोठं सचित्र पुस्तक आलं. या पुस्तकांवर दोघांचीही नावं आहेत. आज ही गोष्ट साधी वाटेल, पण तो काळ आठवा. १८८१ पासून अल्जीरियात ‘देशी लोकांचा कायदा’ लागू होता. फ्रेंच माणसाला एक कायदा आणि तिथल्या मुसलमानाला दुसरा. साध्या साध्या गोष्टींसाठी अधिकारी त्याला नेहमीच्या कोर्टात न नेता शिक्षा करू शकत असे. अशा राज्यात एक नामवंत फ्रेंच कलाकार आपल्या नावाशेजारी एका अल्जीरियन मुसलमानाचं नाव लेखक म्हणून छापतो, याला मोठा अर्थ होता.

कलेच्या जगात नाव

हे सगळं चाललं असताना पॅरिसमध्येही दिनेंची कारकीर्द जोरात होती. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात त्यांना रौप्यपदक मिळालं. त्याच सुमारास मेसोनिए, प्यूवी द शाव्हान, शिल्पकार रोदँ अशा मोठ्या कलाकारांसोबत ते नव्या राष्ट्रीय कलासंस्थेच्या संस्थापकांमध्ये होते. पौर्वात्य विषयांवर काम करणाऱ्या फ्रेंच चित्रकारांची जी संस्था उभी राहिली, तिच्यामागेही संग्रहालय-संचालक लेओंस बेनेदीत यांच्याबरोबर दिने होते. फ्रान्सचा ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मानही त्यांना मिळाला. १८९८ मध्ये अंतराच्या अरबी वीरकथेची त्यांच्या चित्रांनी सजलेली आवृत्ती निघाली. अंतरा म्हणजे अरब बाप आणि हबशी गुलाम आई यांचा मुलगा, शूर योद्धा आणि कवी. १९०० मधलं त्यांचं ‘प्रेमाचा गुलाम आणि डोळ्यांचा नूर’ हे दोन प्रेमिकांचं चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

पण चित्रकलेचं जग झपाट्याने बदलत होतं. मोने आणि त्यांच्या साथीदारांनी रंगांची भाषा बदलून टाकली होती. १९०७ मध्ये तर पिकासोने चेहऱ्यांची मोडतोड करून पुढची वाट काढली. दिने मात्र जुन्याच पद्धतीला चिकटून राहिले. चेहरा म्हणजे चेहरा आणि हात म्हणजे हात. ‘जुनाट’ म्हणून टीका झाली, नव्या पिढीने दुर्लक्ष केलं. त्यांना मात्र हसू, लाज, राग, थकवा, दुआ मागतानाची एकाग्रता, हे सगळं ओळखू येईल असं पकडायचं होतं. ज्यांची चित्रं आहेत त्यांनी स्वतःला आणि आपल्या शेजाऱ्याला चित्रात ओळखावं, ही त्यांची कसोटी होती. त्यासाठी त्यांना जुनीच पद्धत हवी होती.

बू सआदातलं घर

‘सआदत’ हा शब्द आपल्याला परका नाही. सुख, सौभाग्य, असा त्याचा अर्थ. बू सआदा म्हणजे सुखाचं गाव. अल्जियर्सच्या दक्षिणेला साधारण अडीचशे किलोमीटरवर, डोंगर आणि वाळवंट यांच्या सीमेवर वसलेलं. खजुराच्या बागा, मधून वाहणारी नदी, मातीची घरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत दिनेंनी इथे घर घेतलं आणि वर्षातला बराचसा काळ तिथेच राहायला लागले. पॅरिस आता पाहुण्यासारखं झालं.

गावात राहिल्यावर चित्रांचे विषय बदलत गेले. जमिनीवर पडलेल्या एका नाण्यासाठी एकमेकांवर तुटून पडलेली पोरं. कुरआन शिकणारी मुलं. गाणी म्हणत नाचणाऱ्या मुली. रमजानच्या चाँदसाठी आकाशाकडे लागलेल्या नजरा. जमातीच्या नमाजच्या रांगा आणि अत्तहियातमध्ये बसलेला इमाम. नमाजचं चित्र इतर युरोपियन चित्रकारांनीही काढलं होतं. त्यांच्या चित्रांत सुंदर मशीद, सुंदर गालिचे आणि बाहुल्यांसारखी माणसं असायची. दिनेंच्या चित्रात माणसं जवळून दिसतात. कुणाच्या कपाळाला आठ्या आहेत, कुणी डोळे मिटलेत, कुणाच्या अंगावरचा बुरनूस झिजलाय. नमाजच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे चित्र चटकन ओळखीचं वाटतं, कारण डावी-उजवीकडे तो हेच बघत आलेला असतो.

नसरुद्दीन

१९०८ मधल्या एका खासगी पत्रात दिनेंनी आपण मनाने इस्लाम स्वीकारल्याचं लिहिलं. जाहीर काही केलं नाही. १९१३ मध्ये रीतसर इस्लाम स्वीकारून त्यांनी नाव घेतलं नसरुद्दीन. आपल्याला हे नाव ऐकलं की मुल्ला नसरुद्दीनचे किस्से आठवतात, पण अर्थ आहे ‘दीनची मदत’. त्या वेळी त्यांचं वय ५२ होतं. आपला दफनविधी इस्लामी पद्धतीनेच व्हावा आणि बू सआदातच व्हावा, अशी इच्छा त्यांनी त्याच सुमारास मृत्युपत्रातही नोंदवून ठेवली.

हा निर्णय सोपा नव्हता. अल्जीरियात फ्रेंच हे राज्यकर्ते होते आणि मुसलमान ही रयत. राज्यकर्त्यांच्या बाजूचा माणूस रयतेच्या बाजूला जाऊन बसला, हे तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना रुचणारं नव्हतं. एखाद्या रयतेने साहेबाचा धर्म घेतला तर कौतुक व्हायचं. साहेबानेच रयतेचा धर्म घेतला तर ‘याचं डोकं फिरलं’ असं म्हटलं जायचं. यात दिनेंचा ऐहिक फायदा काही नव्हता. पद, पैसा, प्रसिद्धी हे सगळं त्यांच्याकडे आधीच होतं, आणि या निर्णयाने त्यातलं काही वाढणार नव्हतं.

युद्ध, कबरी आणि सीरत

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. अल्जीरियातल्या मुसलमानांवर त्याआधीच, १९१२ मध्ये, सक्तीची लष्करभरती लादली गेली होती. युद्धात सुमारे १ लाख ७० हजार अल्जीरियन मुस्लिम फ्रान्सच्या बाजूने उतरले आणि सुमारे २५ हजार परतलेच नाहीत. त्याच आघाडीवर इंग्रजांच्या फौजेतले हिंदुस्थानी मुस्लिम शिपाईही लढत होते.

मेलेल्यांचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. घाईगर्दीत पुरलेल्या मुस्लिम शिपायाच्या कबरीवरही क्रूस लागण्याची भीती होती. त्याच्या कबरीवर कोणती खूण हवी, याचा नमुना दिनेंनी काढून दिला. फ्रान्समधल्या लष्करी कब्रस्तानांत आजही मुस्लिम शिपायांच्या शिळा वेगळ्या ओळखू येतात. त्यांवर ‘ही मरहूम अमुक यांची कबर’ अशा अर्थाचे अरबी शब्द असतात. ज्या गावांतली पोरं त्यांनी नाण्यासाठी झोंबताना रंगवली होती, तशाच गावांतल्या पोरांसाठी आता ते कबरीची शिळा आखत होते.

याच युद्धाच्या छायेत त्यांचं सगळ्यात मोठं पुस्तक तयार झालं. प्रेषित मुहम्मद (स.) यांचं चरित्र, १९१८ मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झालेलं. लेखक म्हणून पुन्हा दोन नावं, दिने आणि सुलेमान बिन इब्राहिम. पुस्तक युद्धात मेलेल्या मुस्लिम शिपायांच्या आठवणीला अर्पण केलेलं आहे. इब्न हिशाम, इब्न साद यांच्यासारख्या जुन्या अरबी सीरतकारांच्या आधारे ते लिहिलं गेलं. पानांची नक्षी तरुण अल्जीरियन कलाकार मुहम्मद रासिम यांनी केली. पुढे हेच रासिम अल्जीरियाच्या लघुचित्रकलेचे उस्ताद म्हणून जगभर गाजले.

चित्रांचं काय केलं असेल? हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात नक्की आला असेल. प्रेषितांचं किंवा सहाबांचं चित्र काढायचं नाही, हे दिनेंनी पक्कं ठरवलं होतं. मग त्यांनी मार्ग काढला तो असा. सीरतमध्ये जिथे नमाजचा प्रसंग येतो, तिथे आपल्या काळातले नमाज पढणारे लोक दाखवायचे. जिथे दुआ येते, तिथे हात उचललेला एखादा म्हातारा. सोबत मक्का-मदिनेची दृश्यं आणि वाळवंट. ज्यांनी सुरुवात केली त्यांचं चित्र न काढता, तेराशे वर्षांनंतरही त्यांच्या मागे चालणाऱ्यांची चित्रं काढायची! आयुष्यभर चेहरेच रंगवलेल्या माणसाने अदब कशी राखली, ते इथे दिसतं.

पुढे १९२० च्या दशकात त्यांनी सुलेमान यांच्यासोबत आणखी एक पुस्तक लिहिलं. पाश्चात्त्य अभ्यासक इस्लामबद्दल काय लिहितात, त्याची त्यात झाडाझडती घेतली. आँरी लामेंस या पाद्री अभ्यासकाच्या लिखाणावर त्यांनी मुद्देसूद टीका केली. सईद यांचं पुस्तक यायला तेव्हा अजून ५० हून अधिक वर्षं होती.

मग सगळंच चांगलं होतं का?

नाही, आणि ते सांगायला आम्ही कचरणार नाही. दिनेंची बरीच चित्रं औलाद नाइल जमातीच्या नर्तकींची आणि नदीवर आंघोळ करणाऱ्या मुलींची आहेत. त्यांतली कित्येक उघडी-वाघडी आहेत. एका पराधीन मुलखातल्या गरीब मुली पैशासाठी बसत होत्या आणि चित्रं विकत घेणारे होते पॅरिसचे श्रीमंत. ज्या बाजारासाठी जेरोमसारखे चित्रकार काम करत होते, त्याच बाजारात दिनेंची ही चित्रं विकली गेली. आपल्यातल्या अनेकांना ती घरात लावावीशी वाटणार नाहीत.

फ्रेंच राजवट मुळातच अन्यायाची आहे, ती जायला हवी, अशी स्पष्ट भूमिकाही त्यांनी घेतली नाही. मुसलमानांना बरोबरीची वागणूक द्या, सैनिकांचे उपकार विसरू नका, एवढी त्यांची मागणी होती. अल्जीरियन लोकांना स्वातंत्र्य मिळालं ते १९६२ मध्ये, मोठ्या लढ्यानंतर. त्यामुळे दिने आपले की त्यांचे, यावर अल्जीरियातही वाद होत आले आहेत.

हे दोष झाकून त्यांना फक्त ‘इस्लाम स्वीकारलेला महान चित्रकार’ म्हणून मिरवणं बरोबर नाही. आणि दोष दिसले म्हणून सगळं पुसून टाकणंही बरोबर नाही. माणूस एका दिवसात बदलत नाही. दिनेंची चित्रं वर्षांच्या क्रमाने पाहिली तर नजर हळूहळू बदलताना दिसते. आधी ऊन दिसतं, मग शरीर, मग चेहरा आणि शेवटी सजदा.

हज आणि शेवटचा प्रवास

१९२९ मध्ये, ६८ वर्षांचे असताना, दिने सुलेमान यांच्यासोबत हजला गेले. त्या वर्षी हज मे महिन्यात आला होता, म्हणजे हिजाझमधला कडक उन्हाळा. विमानांचे दिवस नव्हते. जिद्द्याच्या बंदरात जगभरातून हाजींची जहाजं लागायची, आपल्या मुंबईहून निघालेलीसुद्धा. इहराममध्ये फ्रेंच चित्रकार कोण आणि कोकणातला खलाशी कोण, हे कुणाला सांगता आलं असतं? परतल्यावर दिनेंनी या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. ते १९३० मध्ये छापून आलं तेव्हा मात्र ते हयात नव्हते.

२४ डिसेंबर १९२९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. तीनच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या पॅरिसच्या मोठ्या मशिदीत त्यांना निरोप देण्यात आला. मग मृत्युपत्रातल्या इच्छेप्रमाणे मय्यत समुद्रापार अल्जीरियाला नेण्यात आली. १२ जानेवारी १९३० रोजी बू सआदात दफनविधी झाला, तेव्हा सुमारे ५ हजार लोक जमले होते. अल्जीरियाचे माजी गव्हर्नर-जनरल मॉरिस व्हिओलेत यांनी तिथे श्रद्धांजलीचं भाषण केलं.

हा योगायोग पाहा. १९३० हे अल्जीरिया जिंकल्याचं शंभरावं वर्ष म्हणून फ्रेंच सरकार धूमधडाक्यात साजरं करत होतं. त्याच वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात एका फ्रेंच माणसाला ‘जिंकलेल्या’ लोकांनी आपला माणूस म्हणून आपल्या मातीत ठेवलं. आज बू सआदात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे आणि स्वतंत्र अल्जीरियाने त्यांना आपल्या कलेच्या इतिहासात जागा दिली आहे.

आपण यातून काय घ्यायचं?

आपल्याला चुकीचं दाखवलं जातं, ही आपली तक्रार खरी आहे. पण बरोबर दाखवायचं म्हणजे नक्की काय करायचं, याचं उत्तर दिनेंच्या आयुष्यात सापडतं. भाषा शिकावी लागते. दारात जाऊन बसावं लागतं. आपली चूक सांगणारा एक सुलेमान सोबत लागतो आणि श्रेयाच्या वेळी त्याचं नाव आपल्या शेजारी छापावं लागतं. याला वर्षं लागतात.

आणि हा धडा दोन्ही बाजूंनी लागू आहे. आपल्या गल्लीपलीकडच्या, वेगळ्या जातीच्या, वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याबद्दल आपण जे चित्र मनात काढून ठेवलंय, ते किती जवळून बघून काढलंय? घरात चित्रकलेची आवड असलेलं एखादं मूल असेल, तर त्याला मोबाइलवर जेरोम आणि दिने यांचे दोन्ही गारुडी शेजारी शेजारी ठेवून दाखवा. काही समजावून सांगू नका. फक्त विचारा, यातल्या कुठल्या चित्रातली माणसं तुला खरी वाटतात? पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.